ज्वालामुखीच्या खडकात सोनं येतं कुठून?

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर ओहाकी नावाचा एक भूऔष्णिक प्रदेश आहे. तिथं जमिनीखाली किलोमीटरभर गेलं की अडीचशे अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं. हे पाणी विहिरींतून वर आणायचं आणि त्याच्या वाफेवर वीज तयार करायची, अशी योजना होती. चाचण्यांच्या काळात दाब आवरण्यासाठी नळांमध्ये भोकं असलेल्या धातूच्या तबकड्या बसवलेल्या होत्या. त्या तबकड्यांवर खनिजांचा थर बसू लागला आणि तो तपासला तेव्हा त्यात सोनं आणि चांदी निघाली. केव्हिन ब्राउन या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

खोलवरच्या त्या पाण्यात सोनं होतं किती? एका टन पाण्यात साधारण दीड मिलिग्रॅम. असल्या पाण्याला कुणी सोन्याचं पाणी म्हणणार नाही. तरीही तबकडीपाशी पोचताच ते सोनं पाणी सोडून धातूला चिकटत होतं. अलीकडे नाही, पलीकडेही फारसं नाही, नेमकं तिथंच. ज्वालामुखीच्या प्रदेशातल्या सोन्याच्या खाणी कशा तयार होतात हे समजून घ्यायचं तर या नळाकडे नीट पाहावं. निसर्गात जे हजारो वर्षं चालतं ते इथं माणसाच्या डोळ्यांसमोर घडलं.

सोनं लाव्हाबरोबर वर येतं, लाव्हा थिजला की खडकात अडकतं आणि मग आपण ते खणून काढतो, अशी बहुतेकांची कल्पना असते. तसं होत नाही. लाव्हात सोनं असतं, पण इतर कुठल्याही खडकात असतं तेवढंच. पृथ्वीच्या कवचातल्या साध्या खडकात टनामागे एक ते चार मिलिग्रॅम सोनं असतं. अडीच मिलिग्रॅम धरलं, तर दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी चार हजार टन खडक फोडावा लागेल. आज मोठ्या उघड्या खाणी टनामागे एखादा ग्रॅम सोनं असलं तरी चालतात. म्हणजे साध्या खडकातलं सोनं निदान काहीशे पट दाट व्हायला हवं. हे दाट करण्याचं काम कोण करतं, हाच खरा प्रश्न आहे.

अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबस या जागत्या ज्वालामुखीच्या वायूंमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण सापडले आहेत. दिवसाला सुमारे ८० ग्रॅम सोनं तो हवेत सोडतो, असा अंदाज आहे. पण तिथं खाण होणार नाही, कारण ते सगळं वाऱ्यावर जाऊन बर्फावर विखुरतं. सोनं नुसतं बाहेर पडून भागत नाही. ते एका अरुंद जागेत, पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ साठत राहावं लागतं आणि ते काम पाणी करतं.

वाहून नेणारं पाणी

सोनं सहजासहजी कशात विरघळत नाही, म्हणून तर ते पिढ्यान्पिढ्या टिकतं. मग पाण्यात ते जातं कसं? गंधकाच्या सोबतीनं. जमिनीखालच्या गरम पाण्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू विरघळलेला असतो. गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ जो कुजकट वास येतो तो याचाच. त्यातून सुटणारे गंधकयुक्त आयन सोन्याच्या एकेका अणूला दोन बाजूंनी धरतात आणि त्या जोडगोळीत सोनं पाण्यात विरघळलेलं राहतं. पाणी तीनशे अंशांपेक्षाही बरंच गरम, खारट आणि आम्लधर्मी असेल, तर गंधकाऐवजी क्लोरीन हे काम करतं. पृष्ठभागाजवळच्या बहुतेक सोन्याच्या शिरांमध्ये मात्र वाहक गंधकच असतं.

आता गंधक आणि सोनं मुळात वर येतात कसे, ते पाहू. प्रशांत महासागराच्या कडेनं ज्वालामुखींची माळ आहे: जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, न्यूझीलंड, आणि पलीकडे पेरू, चिली. या पट्ट्यात समुद्रतळाची भूपट्टं दुसऱ्या पट्टांखाली सरकतात. खाली जाताना ती आपल्याबरोबर पाणीही नेतात. हे पाणी वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात शिरलं की तिथल्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. असा शिलारस ओला असतो, आणि त्यातल्या गंधकाला प्राणवायूची साथ असते.

ही साथ फार महत्त्वाची आहे. प्राणवायू कमी असेल, तर शिलारसातलं गंधक लोखंडाशी जोडलं जाऊन त्याचे जड थेंब वेगळे पडतात. सोन्याला या थेंबांची ओढ शिलारसापेक्षा हजारो पट अधिक असते. मग सोनं त्या थेंबांत शिरतं आणि खोल कुठंतरी तळाशी राहून जातं. प्राणवायू पुरेसा असेल तर गंधक विरघळलेलंच राहतं आणि सोनंही शिलारसाबरोबर वर चढतं. चार-पाच किलोमीटर खोलीवर शिलारस थिजू लागला की त्यात कोंडलेलं पाणी, गंधक, क्लोरीन आणि कर्बवायू बाहेर पडतात. सोनं त्यांच्याबरोबर निघतं.

या टप्प्यावरच काही सोनं आणि पुष्कळ तांबं साठलं तर पॉर्फिरी प्रकारचा, म्हणजे खडकभर बारीक कणांत विखुरलेला साठा होतो. इंडोनेशियातली ग्रासबर्ग ही प्रचंड खाण त्यातली आहे. उरलेलं पाणी आणखी वर येतं, मुरलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळतं आणि भेगा शोधू लागतं.

सोनं का गळतं

किलोमीटरभर खोल असलेल्या पाण्यावर वरच्या पाण्याच्या स्तंभाचा सुमारे शंभर वातावरणांचा दाब असतो. एवढ्या दाबाखाली पाणी साधारण ३१० अंशांपर्यंत उकळतच नाही. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या पुढं तापतं आणि तरी द्रवच राहतं, तसंच हे. हेच पाणी भेगेतून वर निघालं की दाब कमी होत जातो आणि एका विशिष्ट खोलीवर ते उकळू लागतं.

उकळताना पहिल्यांदा निघून जातात ते वायू. कर्बवायू जातो, तशी पाण्याची आम्लता घटते. हायड्रोजन सल्फाइडही वाफेबरोबर जातो. गंधकानं धरून ठेवलेलं सोनं आता कुणाच्या आधारानं विरघळलेलं राहणार? ते तिथंच, काही मीटरांच्या टप्प्यात, गळून पडतं. ओहाकीच्या तबकडीवर हेच झालं होतं. बारीक भोकातून बाहेर पडताच पाण्याचा दाब एकदम उतरला, पाणी उसळलं आणि सोनं धातूला चिकटलं.

सोन्याबरोबर सिलिकाही गळते आणि तिची गारगोटी बनते. म्हणून सोन्याच्या शिरा बहुतेक वेळा पांढऱ्या गारेच्या असतात. या शिरा कापून पाहिल्या तर त्यांत पातळ-पातळ पट्टे दिसतात. काही पांढरे, काही राखाडी, मध्येच एखादा काळपट. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी येण्याचा एक प्रसंग. त्यात कॅल्साइटचे पातळ पात्यांसारखे स्फटिक दिसले, तर इथं पाणी उकळलं होतं अशी भूवैज्ञानिकाची खात्री पटते. शोधमोहिमेत ही पाती दिसणं फार मोलाचं असतं, कारण ती पाहताच आपण सोनं गळणाऱ्या खोलीच्या जवळपास आहोत, हे कळतं. सोनं स्वतः इतकं बारीक असतं की भल्याभल्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

मात्र यात एक अडचण आहे. गारगोटी जमत गेली की भेग बुजते, आणि पाण्याची वाट बंद झाली की सोनंही थांबतं. मोठा साठा व्हायचा तर ती भेग वारंवार फुटायला हवी. ज्वालामुखीच्या प्रदेशात भूकंप हे काम करतात. भेग बुजते, खाली दाब साठतो, भूकंपानं ती फुटते, दाब क्षणात उतरतो, पाणी उसळतं, सोनं गळतं आणि भेग पुन्हा बुजू लागते. डायन वेदरली आणि रिचर्ड हेन्ली यांनी २०१३ मध्ये गणितानं दाखवलं, की भूकंपात भेग अचानक रुंदावली तर दाब इतका कोसळतो की आतल्या पाण्याची जवळजवळ तत्क्षणी वाफ होऊ शकते. मला या साऱ्या प्रक्रियेतली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. लाखो वर्षांच्या भूशास्त्रातलं निर्णायक काम कित्येकदा सेकंदांत उरकतं.

दोन बेटं

जपानच्या क्यूशू बेटावर कागोशिमा प्रांतात हिशिकारी ही खाण आहे. तिथली शीर १९८१ मध्ये सापडली. जगातल्या बऱ्याच खाणी टनामागे एक ते पाच ग्रॅम सोन्यावर समाधान मानतात. हिशिकारीची सरासरी टनामागे ३० ते ४० ग्रॅम आहे, म्हणजे एका टनात तीन-चार तोळे. जपानची विख्यात साडो खाण सुमारे चारशे वर्षं चालली आणि तिनं ७८ टन सोनं दिलं. हिशिकारीनं काही दशकांत २०० टनांचा टप्पा ओलांडला.

भूशास्त्राच्या हिशेबात या शिरा अगदी ताज्या आहेत, वय साधारण दहा लाख वर्षं. वर अँडेसाइट हा ज्वालामुखीय खडक, खाली जुने गाळाचे खडक आणि दोघांना चिरत जाणाऱ्या शिरा. खाणीत आजही ६५ अंशांच्या आसपासचं गरम पाणी येतं. ते सतत उपसावं लागतं, नाहीतर काम करणं अशक्य. त्यातलं काही पाणी जवळच्या युनोओ गावातल्या उष्णोदकाच्या स्नानगृहांना दिलं जातं. ज्या उष्णतेनं शिरा घडवल्या तिचा अवशेष अजून तिथं आहे.

दुसरं बेट पापुआ न्यू गिनीतलं लिहिर. इथली लाडोलम खाण एका ज्वालामुखीच्या पोटातच आहे. फार पूर्वी या ज्वालामुखीची एक बाजू कोसळून समुद्रात गेली. वरचा खडक एकाएकी नाहीसा झाला, तसा खालच्या गरम द्रवांवरचा दाबही एकाएकी हलका झाला. पुढं काय झालं असेल याची कल्पना वाचकाला आता येईल. या बेटावर १३०० टनांच्या घरात सोनं आहे.

स्टुअर्ट सिमन्स आणि केव्हिन ब्राउन यांनी तिथल्या एक किलोमीटरहून खोल विहिरींतलं पाणी तपासलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. (हे तेच ब्राउन, तबकड्यांवरचं सोनं तपासणारे.) त्या पाण्यात टनामागे सुमारे १५ मिलिग्रॅम सोनं होतं, ओहाकीच्या दहा पट. दर सेकंदाला अंदाजे ५० किलो पाणी वर येतं, म्हणजे वर्षाला २४ किलो सोनं. या गतीनं सगळा साठा तयार व्हायला सुमारे ५५,००० वर्षं पुरतात. भूशास्त्रज्ञ एरवी कोटींत बोलतात. त्यांच्यासाठी हा आकडा धक्कादायक होता. पाणी फार श्रीमंत असावं लागत नाही. ते एकाच वाटेनं, न थांबता यायला हवं आणि एकाच जागी गळायला हवं.

याच कुळातला एक वेगळा प्रकार पेरूतल्या यानाकोचा खाणीत दिसतो. तिथं शिलारसातून निघालेले तीव्र आम्लधर्मी वायू आधी वर आले आणि त्यांनी खडकातलं जवळपास सगळं धुऊन नेलं. मागं राहिली ती सच्छिद्र सिलिका. नंतर आलेलं सोनं त्या छिद्रांत बसलं.

कोलारचं सोनं वेगळं का

कर्नाटकातल्या कोलारचे खडकही मुळात ज्वालामुखीय. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर ओतलेला बसाल्ट पुढं दाब-उष्णतेनं बदलून काळा-हिरवट, कणखर खडक झाला. पण तिथलं सोनं त्या ज्वालामुखीनं आणलेलं नाही. ज्वालामुखी केव्हाच थंडावले होते. त्यानंतर भूखंडांच्या रेट्यात हे खडक अनेक किलोमीटर खोल गाडले गेले आणि तापले. खनिजांच्या रचनेत बांधलेलं पाणी सुटलं. त्याच सुमारास पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचं रूप बदललं, तेव्हा त्यातलं गंधक आणि सोनं मोकळं झालं. थेंबाथेंबानं सुटलेलं हे पाणी मोठ्या प्रस्तरभंगांच्या वाटांनी एकत्र आलं आणि वर निघालं.

या प्रकारात उकळण्याइतकंच महत्त्व आजूबाजूच्या खडकाला असतं. बदललेल्या बसाल्टमध्ये लोह भरपूर असतं. गंधकाच्या आधारानं सोनं नेणारं पाणी अशा खडकाला भिडलं की लोह गंधकाला ओढून घेतं, त्याचं पायराइट बनतं आणि सोनं निराधार होऊन तिथंच बसतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काल्गुर्लीत हे फार ठळकपणे दिसतं. म्हणून जुन्या ज्वालामुखीय पट्ट्यांत सोनं शोधणारा भूवैज्ञानिक लोहाचं प्रमाण अधिक असलेला थर आधी पाहतो.

कोलारच्या खाणींनी सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलं. त्या तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण याच जातीची. ती आजही चालू आहे.

आणि आपला काळा पत्थर?

मराठी वाचकाला इथं प्रश्न पडणारच. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीय खडकावर वसलेला. सह्याद्रीचे कडे, गडकिल्ले, अजिंठा-वेरूळ सगळं बसाल्टमधलं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरांवर थर ओतले गेले. त्यांनी व्यापलेलं क्षेत्र आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढा लाव्हा, आणि सोन्याची एकही खाण नाही.

आत्तापर्यंतच्या साखळीतल्या कड्या एकेक तपासून पाहिल्या तर कारण सापडतं. हा शिलारस सरकत्या भूपट्टाच्या पाण्यानं भिजलेल्या प्रावरणातला नव्हता. तो तुलनेनं कोरडा होता. तो लांबलचक भेगांतून बाहेर आला आणि दूरवर पसरला. त्याचा गंधक आणि इतर वायू खडकात न राहता हवेत गेले. पसरलेल्या थरांतली उष्णता लवकर उडून गेली. एकाच जागी हजारो वर्षं पाणी तापवत, एकाच भेगेतून वर पाठवत राहील अशी भट्टी मागं राहिली नाही. कोलारसारखं पुढचं प्रकरणही घडलं नाही, कारण हे थर त्यानंतर कधी दहा-दहा किलोमीटर खोल गाडलेच गेले नाहीत. बहुतेक ठिकाणी ते आजही जसे ओतले तसे आडवे पडलेले आहेत.

पाणी मात्र या खडकातूनही फिरलं. लाव्हातल्या वायूंच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या ठेवल्या त्यांत ते मुरलं आणि त्यानं स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे देखणे स्फटिक घडवले. पुणे, नाशिक, जळगाव भागातले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर संग्राहकांच्या स्वप्नातला. हे स्फटिक कमी तापमानाच्या, संथ पाण्याचं काम सांगतात. सोनं आणणारं पाणी याहून फार गरम आणि घाईत असतं.

कोकणातल्या उन्हवरे, तुरळ, गणेशपुरीच्या झऱ्यांकडे पाहूनही काहींना आशा वाटते. ते पाणी ज्वालामुखीनं तापलेलं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या स्वाभाविक उष्णतेनं तापतं आणि परत येतं. उन्हवऱ्याचं पाणी सर्वांत गरम झऱ्यांपैकी, तरी ७० अंशांच्या आसपासच.

विहीर किंवा बोअर घेताना पिवळा चमकता कण दिसला की गावात चर्चा सुरू होते. तो बहुधा पायराइट असतो किंवा झिजलेला अभ्रक. टाचणीनं दाबून पाहावं. सोनं मऊ असतं, ते दबतं आणि चपटं होतं. पायराइटवर टाचणीचा ओरखडा उठत नाही आणि हातोडीखाली त्याचा काळसर चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. या साध्या कसोटीनं पुष्कळ लोकांचे पैसे आणि मनस्ताप वाचेल.

महाराष्ट्रात सोन्याचा खरा शोध बसाल्टच्या बाहेर, विदर्भात चालतो. नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली पट्ट्यात फार प्राचीन, रूप बदललेले ज्वालामुखीय आणि गाळाचे खडक आहेत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला तिथं सोन्याचे अंश मिळाले आहेत. त्या खडकांचा इतिहास कोलारच्या वाटेनं जाणारा आहे, सह्याद्रीच्या नव्हे. याशिवाय कर्नाटकातले अतिप्राचीन धारवाड काळातले सोनं असलेले खडकांचे पट्टे उत्तरेकडे येता येता आपल्या बसाल्टखाली शिरतात. ते खाली कुठवर पोचतात हे शोधायचं, तर वरून चुंबकीय आणि गुरुत्वीय मोजमापं करावी लागतात आणि मग खात्रीसाठी खोल छिद्र पाडून वेध घ्यावा लागतो. कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी असे वेध घेतले गेले. तिथं बसाल्टची जाडी सुमारे ९३० मीटर भरली आणि खाली पट्टिताश्म, म्हणजे पट्टे असलेला जुना ग्रॅनाइटी खडक लागला. सोलापूरच्या पूर्वेला, या लाव्हाप्रदेशाच्या कडेकडे, बसाल्टचं हे आवरण कोयनेपेक्षा बरंच पातळ आहे.